सदाफुलीबद्दल माझं मत

एकतीस वर्षं मी कनिष्ठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर पनवेलजवळ विचुंब्याला राहायला आले. डोंबिवलीतली खोली विकून जरा मोकळ्या हवेत राहायचं, असा बेत होता. हवा मोकळी होती. फक्त समोरच्या, मागच्या आणि बाजूच्या अशा तीन बांधकामांचं सिमेंट तिच्यात होतं. मी एकटीच राहते. दुसऱ्या मजल्यावर घर, खाली फाटकाशी एक सिमेंटचा बाक, आणि त्या बाकावर संध्याकाळी जमणाऱ्या बायका. माझी ख्याती त्या बाकावरच सुरू झाली.

राहायला आल्याच्या पहिल्याच आठवड्यात सेक्रेटरींचा कढीपत्ता पिवळा पडला. सेक्रेटरी म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांना बाकावर कुणीतरी सांगितलं की नवीन आलेल्या मॅडम बॉटनीच्या आहेत. ते पान घेऊन वर आले. मी म्हटलं, "आंबट ताक घालून बघा." महिन्याभरात कढीपत्त्याला नवी पालवी फुटली आणि मी 'झाडांच्या मॅडम' झाले. ताकाची युक्ती मला वनस्पतिशास्त्रानं शिकवली नव्हती. डोंबिवलीत आमच्याकडे दूध टाकणाऱ्या बाईंनी सांगितली होती. पण ते मी कुणाला बोलले नाही. कॉलेजात मी जे शिकवायची ते पेशीपासून सुरू व्हायचं आणि पेशीतच संपायचं. कुंडीतलं झाड जगवायचं कसं, यावर बोर्डाचा एकही प्रश्न नसे. तरी लोक विचारत गेले, मी सांगत गेले. झाडं जगली तर श्रेय माझं, मेली तर पाणी जास्त झालं असं मी सांगायची. या पद्धतीनं दोन वर्षं सुखात गेली.

तळमजल्यावर काकी राहतात. सत्तरीच्या आसपासच्या, आगरी. आमची बिल्डिंग उभी आहे ती त्यांच्या शेतावर. जमीन बिल्डरला दिली, बदल्यात दोन फ्लॅट मिळाले. एकात काकी, मुलगा आणि सून, दुसरा भाड्यानं. पार्किंगच्या चौथ्या खांबाकडे बोट दाखवून काकी म्हणतात, "इथं आमचं खलं होतं, भात झोडायचं." मग त्या खांबाला टेकलेल्या गाडीवाल्याकडे अशा काही बघतात, की तो बिचारा गाडी पुढे घेतो. खिडकीखाली त्यांनी तेलाचे चार मोठे डबे मांडून त्यात सदाफुली लावली होती. दोन डब्यांत पांढरी, दोनांत गुलाबी. आणि कुठल्या तरी एका डब्यात, झाडाला वाकवून, त्यांचा पिवळा बोका झोपलेला असायचा.

एप्रिलमधली संध्याकाळ. बाकावर तिघी जणी बसल्या होत्या, काकी शेजारी उभ्या. मी भाजी घेऊन आत येत होते. काकींनी हाक मारली.

"मॅडम, एक इचारायचं हाय. सून बोलते सदाफुली मांजराला इख हाय. मोबाइलवर आलंय म्हनं. तुमी सांगा, खरं काय ते."

सूनबाई दारातच उभ्या होत्या. वाशीला एका कंपनीत नोकरी, नुकत्याच घरी आलेल्या, खांद्याला अजून पर्स. त्या म्हणाल्या, "मॅडम, मी वाचलं म्हणून म्हटलं. तो सारखा त्या डब्यांतच असतो ना."

आता मला त्या वेळी 'बघून सांगते' असं म्हणता आलं असतं. दोनच शब्द आहेत. पण मोबाइल हा शब्द ऐकला की मला वर्गातली शेवटची बाकं आठवतात. मी भाजीची पिशवी खाली ठेवली, म्हणजे आता बोलणं सविस्तर होणार, आणि म्हणाले, "मोबाइलवर काय वाट्टेल ते येतं हो. सदाफुलीपासून औषध तयार होतं, औषध! कॅन्सरवरचं. जगभर वापरतात. ती कसली विषारी? निर्धास्त राहा."

बाकावरच्या तिघींनी माना हलवल्या. काकींनी सुनेकडे पाहिलं. सूनबाई आत गेल्या. मी पिशवी उचलून वर आले, आणि खरं सांगायचं तर मला फार बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून आडवी झाले आणि आपलं मत पुन्हा एकदा मनात घोळवू लागले. तेव्हा मला फळा दिसला. माझ्याच अक्षरात त्यावर लिहिलेलं होतं, की सदाफुलीतली अल्कलॉइडं पेशींचं विभाजन थांबवतात. हे वाक्य मी दर वर्षी मुलांना अधोरेखित करायला सांगायची. म्हणूनच ते औषध डॉक्टर मोजून, जपून, शिरेतून देतात. कॅन्सरच्या पेशींना जे थांबवतं ते चार किलोच्या बोक्याच्या पेशींना आदरानं वगळेल, असं मानायला काहीच आधार नव्हता. मी उठून चष्मा लावला आणि मोबाइल उघडला. मांजरांना उलट्या, जुलाब, थरथर, जास्त खाल्लं तर त्याहून वाईट. झाड लांब ठेवा. सूनबाईंनी वाचलं होतं ते पान बहुधा हेच.

खाली जाऊन 'माझं चुकलं' एवढंच म्हणायचं होतं. दोन मजले उतरायचे होते, आणि लिफ्टही होती. पण तीन बायकांनी ऐकलं होतं. एखादीनं ऐकलं असतं तर मी गेले असते, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. आता त्यावर माझा विश्वास नाही.

मग मी आडून सुरुवात केली. "काकी, या डब्यांत मोगरा किती छान होईल नाही? मोगऱ्याला वास तरी असतो."

काकी म्हणाल्या, "मोगऱ्याला पानी घाला, खत घाला, नखरे किती. हिला इसरून गेलं तरी फुलते." आणि लगेच पुढे, "आनि आता तर तुमी बोललाव, औषध हाय. आमी तिघीजनी घेतो ना रोज सकाली."

"काय घेता?"

"पाला उकलून त्याचं पानी. शुगरवर."

मी डब्यांकडे पाहिलं. झाडं खरंच खालून खुडलेली होती. काकींना मधुमेह, बाकावरच्या तिघींपैकी दोघींना मधुमेह. मी कॅन्सर म्हटलं होतं. ते बाकावरून उठेपर्यंत शुगर झालं होतं. आधीच कुणीतरी, कुठंतरी, सदाफुली शुगरवर चालते असं ऐकलेलं असणारच. त्याला फक्त एका मॅडमची सही हवी होती.

इथं तरी मी सरळ बोलायला हवं होतं. मी काय बोलले ते सांगते. मी म्हणाले, "रोज नका घेऊ, काकी. उष्ण पडतं."

उष्ण पडतं या शब्दांना आपल्याकडे कुणी हरकत घेत नाही. तिघींनी ताबडतोब मान्य केलं आणि एक दिवसाआड घेऊ लागल्या. त्यावर उतारा म्हणून सब्जाचं सरबत सुरू केलं. चार दिवसांनी काकी बाकावर बसल्या बसल्या म्हणाल्या, "आज जरा गरगरल्यासारखं वाटतं." डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्याच, वर हे कडू पाणी. त्या म्हणाल्या उन्हानं झालं असेल. बोक्याच्या काळजीनं सुरू झालेलं प्रकरण आता तीन मोठ्या माणसांपर्यंत पोचलं होतं आणि बोका मात्र डब्यात ठणठणीत झोपला होता. त्यानं त्या झाडाचं एक पानही चावल्याचं कुणी पाहिलेलं नव्हतं.

सांगायचं नाही आणि थांबवायचं तर आहे. यातून मार्ग एकच उरत होता, आणि तो मला सुचला याचं आजही नवल वाटतं.

पुढच्या रविवारी काकींच्या घरचे सगळे आपटा गावी भाचीच्या हळदीला गेले. दुपारी अडीचच्या सुमाराला ऊन असं होतं, की बांधकामावरचे मजूरसुद्धा सावलीला जाऊन पडले होते. वॉचमन खुर्चीत मान टाकून झोपलेला. मी काळी छत्री उघडली, खुरपं कापडी पिशवीत घातलं आणि खाली उतरले. एकसष्टाव्या वर्षी, पेन्शनर, हातात छत्री धरून उकिडवी बसले आणि चारही डब्यांतली सदाफुली मुळांसकट उपसून पिशवीत भरली. बोका खिडकीच्या कठड्यावरून सगळं बघत होता. माती नीट सारखीसुद्धा केली. वर आल्यावर पिशवी कचऱ्यात टाकणार होते, पण हिरवीगार रोपं पाहून हात धजेना. आयुष्यभर झाडं कापून काचपट्टीवर ठेवली, पण अख्खं झाड फेकवेना. न्हाणीघरात बादलीभर पाण्यात उभी करून ठेवली.

सोमवारी सकाळी काकींचा आवाज दुसऱ्या मजल्यापर्यंत स्पष्ट आला.

"कोनी नेली माझी झाडं? ज्या हातानी नेली त्या हाताला खाज सुटंल! चार डबे ठेवले नि माती ठेवली! लाज नाय, शरम नाय!"

मी चहाचा कप घेऊन बाल्कनीत जायची ती स्वयंपाकघरातच थांबले. हे आठवडाभर चाललं, रोज सकाळी साडेसातला. काकी पायरीवर उभ्या राहून त्या अज्ञात माणसाच्या हाताचा, पायाचा आणि शेवटी सात पिढ्यांचा उद्धार करत. शिव्या इतक्या नेमक्या होत्या की एकदोन मी लिहून ठेवल्या.

सेक्रेटरींना मात्र हुरूप आला. सोसायटीनं कॅमेरे बसवल्यापासून पकडण्यासारखं काही घडलंच नव्हतं. त्यांनी रविवारचं चित्रण काढलं आणि ग्रुपवर टाकलं. त्यात एक काळी छत्री जिन्यातून बाहेर येते, खिडकीखाली जाते, सहा मिनिटं जमिनीवर बसते आणि परत जिन्यात जाते. कॅमेरा वर असल्यामुळे छत्रीखाली कोण आहे ते काही दिसत नव्हतं. काळी छत्री आमच्या बिल्डिंगमध्ये प्रत्येक घरी आहे. सेक्रेटरींनी मला खाली बोलावलं. जाणकाराचं मत हवं होतं.

"मॅडम, जरा बघा. ओढून काढलीत, की कसं?"

मी रिकाम्या डब्यांशी वाकले. "नाही. खुरप्यानं काढलीयत. मुळं न तोडता. व्यवस्थित."

"म्हणजे झाडांतलं कळणारा माणूस आहे."

"असं दिसतंय," मी म्हटलं.

काकी शेजारीच उभ्या होत्या. मग हळूच म्हणाल्या, "पांडरी माझ्या आईच्या दारातली होती. लग्नानंतर आनली होती मी." मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. तेव्हासुद्धा सांगितलं नाही. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी रिक्षा करून हायवेलगतच्या नर्सरीत गेले आणि भरपाई म्हणून एक पीस लिली घेऊन आले. काळपट हिरवी तकतकीत पानं, पांढरं, शिडासारखं फूल, चिनी मातीची कुंडी. चांगली ठसठशीत भेट.

काकींनी कुंडी फिरवून फिरवून पाहिली. पान बोटांत धरलं, देठ दाबून बघितला.

"मॅडम, ही अलवाच्या जातीतली दिसते. खाजवनार तर नाय?"

"छे हो, काकी. ही घरातच ठेवायची असते. मोठमोठ्या ऑफिसांत ठेवतात."

पीस लिली अळूच्याच कुळातली. हे मला माहीत होतं, आणि फार आधीपासून होतं. त्या कुळातल्या पानांत सुईसारखे बारीक स्फटिक असतात. अळू कच्चं खाल्लं की घसा खाजतो तो त्यांच्यामुळेच. दर वर्षी पावसाळ्याच्या सत्रात मी सूक्ष्मदर्शकाखाली ते स्फटिक मुलांना दाखवत आले. चांगले दिसायचे, काचेच्या सुयांच्या जुडीसारखे. पण ते प्रयोगशाळेत. काकींच्या दारात उभी राहून मी दान करत होते, आणि दान करणाऱ्याला कुळ आठवत नसावं. काकींनी एक पान नुसतं दाबून जे ओळखलं, त्याचं लॅटिन नाव तेवढं मला येत होतं.

"तुमी बोलता तर ठीक हाय," असं म्हणून त्यांनी कुंडी खिडकीच्या आतल्या कठड्यावर ठेवली.

दुसऱ्याच दिवशी सकाळी अकराला माझी बेल वाजली. दारात काकी, हातात प्लास्टिकची टोपली, टोपलीत टॉवेल, टॉवेलात बोका. बोक्याच्या तोंडातून लाळेची तार लागली होती. तो पंजानं सारखा तोंड ओरबाडत होता आणि मधूनमधून विचित्र घोगरा आवाज काढत होता. मुलगा आणि सून कामावर गेलेले.

"मॅडम, बगा याला काय जालं. कालपासून त्या पानाशी खेलत होता."

मी पायात चपला घातल्या. काय झालं ते मला टोपलीकडे बघताक्षणीच कळलं होतं. आम्ही रिक्षा केली आणि नवीन पनवेलला जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टर तरुण होते, फार तर तीस. त्यांनी बोक्याचं तोंड उघडून पाहिलं, पाण्यानं नीट धुऊन काढलं, इंजेक्शन दिलं. मग विचारलं, "घरात कुठलं झाड आहे का? नवीन आणलेलं?"

"हाय ना," काकी म्हणाल्या. "यांनी दिलंय. लिली."

डॉक्टरांचा चेहरा बदलला. "कुठली लिली? मोठ्या फुलांची, गुच्छात असते ती?"

"पीस लिली," मी म्हणाले.

त्यांनी श्वास सोडला. "मग ठीक आहे. ही नावाचीच लिली. खरी लिली असती तर अवघड होतं, मांजराची मूत्रपिंडं जातात त्यानं, नुसते परागकण चाटले तरी. यानं फक्त तोंड जळजळतं." मग माझ्याकडे वळून, समजेल अशा बेतानं, त्यांनी चिठ्ठीच्या कागदावर एक पान काढलं. "आजी, या पानात ना, सुयांसारखे बारीक खडे असतात. चावलं की ते तोंडात टोचतात. अळू खाजतो ना, तसंच."

"हो का," मी म्हटलं.

सुया त्यांनी जरा जाड काढल्या होत्या. तेवढ्यात काकी कौतुकानं म्हणाल्या, "यांना म्हाईत हाय सगलं. या झाडांच्याच मॅडम हायत. कॉलेजात शिकवायच्या."

डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या चित्राकडे, आणि कागद हलकेच उलटा केला. मग विचारलं, "आणखी काही झाडं आहेत का? कण्हेर? सदाफुली?"

"सदाफुली होती," काकी म्हणाल्या. "चोरीला गेली."

"बरं झालं गेली. मांजराला चांगली नाही ती. चोराचे आभार माना."

परतीच्या रिक्षात बोका काकींच्या मांडीवर पेंगत होता. रेल्वेपुलाच्या अलीकडे गाड्या अडकल्या होत्या. मी बोलायला सुरुवात केली ती थांबता येईना. सदाफुलीबद्दल चुकीचं सांगितलं ते, दुसऱ्याच दिवशी कळलं ते, उष्ण पडतं ते, छत्री, खुरपं, बादली. काकी समोर बघत ऐकत होत्या. रिक्षावाल्यानं आरसा माझ्याकडे फिरवून घेतला होता.

मी थांबले. तशा काकी एकदम म्हणाल्या,

"नऊ दिवस मी ते पानी प्याले."

"हो, काकी."

"कडू जहर. नाक दाबून प्याले. आमच्या शेल्या कवा तोंड लावत नव्हत्या तिला. पाला पुढं टाकला तरी हुंगून बाजूला व्हायच्या. मना ठाऊक होतं ती खायची नसते. जनमभर ठाऊक होतं." त्यांचा आवाज चढला. "पन तुमी बोललाव! शिकलेली बाई बोलते, मग आपलंच चुकत असंल, म्हनून प्याले मी. नि सुनंला चार मानसांत खोटी पाडली!"

माझी अशी समजूत होती की चोरीवरून भांडण होईल. चोरीचा त्यांनी उल्लेखसुद्धा केला नाही.

रिक्षावाल्यानं मान वळवून विचारलं, "म्हणजे ताई, सदाफुली शुगरला घ्यायची नाही का? आमचा बाप घेतो."

"नाय घ्यायची!" काकी ओरडल्या, आणि बोका दचकून जागा झाला.

फाटकाशी उतरल्यावर त्यांनी टोपली एका कडेवर घेतली आणि मला सांगितलं, "त्या तिघींसमोर बोललाव ना? आता त्या तिघींसमोरच सांगायचं. माझी सून पन असंल. आज सांजेला." आणि आत निघून गेल्या.

संध्याकाळी सात वाजता मी बाकासमोर उभी राहिले. इतक्या वर्षांत एवढा छोटा आणि एवढा अवघड वर्ग मी घेतला नव्हता. सदाफुली विषारी आहे, मांजरालाही आणि माणसालाही, तिचं औषध कारखान्यात शुद्ध करून, मोजून बनतं, पाला उकळून नाही, सूनबाई म्हणत होत्या ते बरोबर होतं, झाडं मी नेली, छत्री माझी. सगळं सांगितलं. आवाज वर्गातल्यासारखा खणखणीत लागला नाही.

सूनबाई म्हणाल्या, "इट्स ओके, मॅडम. होतं असं." त्या अगदी मनापासून म्हणाल्या. मला वाटलं, त्यांनी दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

बाकावरची पहिली म्हणाली, "मॅडम, किती मोठं मन तुमचं! कोण असं कबूल करतं?" माझ्या लक्षात आलं, की दुसरीला मी नुसतं विनयानं बोलतेय असं वाटत होतं. ती म्हणाली, "पण मला तर फरक पडलाय हो. साखर उतरलीय." तिला मी तिथंच हात जोडले आणि तिच्या डॉक्टरांना फोन लावायला लावला. तिसरीनं रात्रीच्या आत ग्रुपवर लिहिलं, की मॅडमच्या मते सदाफुलीपासून सावध राहावं. खाली पंधरा जणांनी नमस्काराचे हात टाकले. म्हणजे पुन्हा ते माझंच मत झालं. सूनबाईंचं नाव त्यात कुठंच नव्हतं. ते मी स्वतः खाली लिहिलं, तर त्याला एकच हात आला, आणि तोही सूनबाईंच्या नवऱ्याचा.

सेक्रेटरी माझ्याशी तीन दिवस बोलले नाहीत. एवढी चांगली केस अशी आपोआप सुटावी याचं त्यांना वाईट वाटलं असावं. मग पुढच्या मीटिंगमध्ये त्यांनी कॅमेरा चार फूट खाली आणण्याचा ठराव मांडला, छत्रीखालचंही दिसावं म्हणून. मी अनुमोदन दिलं. दुसरं काय करणार?

बादलीतली रोपं जगली होती. मी ती काकींकडे परत घेऊन गेले तर त्यांनी दारातूनच सांगितलं, "नको इथं. बोका हाय." मग थोडा विचार करून म्हणाल्या, "तुमच्याकडं मांजर नाय. तुमीच ठेवा. पांडरीला जपा." ते चार डबे आता माझ्या बाल्कनीत आहेत. पीस लिली सूनबाईंनी ऑफिसात नेऊन ठेवली. बोका दोन दिवस मऊ भात आणि माशाचं पाणी खाऊन तिसऱ्या दिवशी पूर्ववत झाला आणि रिकाम्या खिडकीखाली काही दिवस उदास हिंडला. मग काकींनी त्याच्यासाठी एक जुना पत्र्याचा डबा आडवा करून त्यात गोणपाट घातलं.

काकी मात्र माझ्याशी मे महिना संपेपर्यंत कामापुरतंच बोलत होत्या. "लाइट गेली का वर?" "पानी आलं?" एवढंच. मीही जास्त खेटले नाही. बाकावरून कुणी झाडाचं विचारलं की मी 'बघून सांगते' म्हणू लागले, आणि खरंच बघून सांगू लागले. यामुळे विचारणाऱ्यांची संख्या झपाट्यानं घटली. बघून तर त्याही सांगू शकत होत्या.

जूनच्या सुरुवातीला एका सकाळी काकींनी खालूनच हाक मारली. "येता का जुन्या पनवेलला? शेवलं आली असतील."

शेवळं म्हणजे पावसाच्या तोंडावर रानात उगवणारे सुरणाच्या जातीचे कोंब. डोंगराकडच्या आदिवासी बायका ते जुड्या बांधून बाजारात आणतात. ही भाजी मी आयुष्यात एकदाही केली नव्हती. तिच्या फुलोऱ्याची आकृती मात्र फळ्यावर शंभरदा काढली होती. बाजारात एका कोपऱ्यात गोणपाट पसरून एक बाई बसली होती. पुढ्यात जांभळट, लांबट कोंबांच्या जुड्या, बाजूला छोट्या हिरव्या फळांचा ढीग. काकींनी जुडी हातात घेऊन वास घेतला, दोन परत ठेवल्या, दोन उचलल्या आणि फळंही मागितली.

"ही काकडं," त्या मला म्हणाल्या. "ही घातली नाय तर घसा धरतो. पिवला दांडा काढून टाकायचा. चिंच पन लागते."

मी पर्समधून वही काढून लिहायला लागले. विकणारी बाई हसू लागली. "लिवून काय घेते ती?" तिनं काकींना विचारलं.

"लिवू दे," काकी म्हणाल्या. "तिला तसंच समजतं."

भाजी माझ्याच स्वयंपाकघरात झाली, कारण काकींच्या घरी सून शेवळं खात नाही. मला त्यांनी कोंबांना हात लावू दिला नाही. मी नारळ खवला आणि काकडं ठेचली. ठेचताना त्यांनी दोनदा येऊन बघितलं आणि एकदा पुन्हा ठेचायला लावली. भाजी शिजेपर्यंत त्या ओट्याशी उभ्या होत्या. मग पहिला घास त्यांनी स्वतः खाल्ला, जरा वेळ थांबून घशावर हात फिरवला आणि माझं ताट वाढलं.